सांगाव्याची रजा

फाल्गुन लागला की आमच्या खाडीवरून ढोलाचा आवाज येतो. अजून पालखी निघालेली नसते. कुठल्यातरी वाडीतली पोरं नुसता ढोल उन्हात तापवून एकदोन टिपऱ्या मारून बघत असतात. यंदा तो आवाज आला तेव्हा मी नाटे गावाजवळच्या माझ्या माहेरच्या ओट्यावर ओले काजूगर सोलत बसले होते. बोटं चिकाने काळी झालेली, पुढ्यात पाण्याचं पातेलं, शेजारच्या बागेतून मोहोराचा उग्र वास. ढोल वाजला आणि माझा हात आपोआप कमरेला गेला, पट्टा घट्ट करायला. पट्टा कुठला आलाय आता. नेसले होते धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी. समोर बसलेल्या आमच्या ह्यांनी ते बरोबर पाहिलं. म्हणाले, "बसा बाई. रजा मंजूर आहे."

मी पोलिसातून निवृत्त झाले त्याला अजून वर्ष व्हायचंय. सहायक फौजदार म्हणून टोपी उतरवली. पण शिमग्याचा ढोल वाजला की अंग आधी उठून उभं राहतं आणि मग डोकं त्याला सांगतं की बाई, तुझी हजेरी आता कोणी घेत नाही. मेली सवय.

शिमगा म्हटला की बाकीच्या रत्नागिरीला पालखी आठवते, मला बंदोबस्त आठवतो. एरवी वर्षभर आपण देवळात जातो. शिमग्यात गावदेवी देवळातून निघते आणि पालखीतून घराघराच्या अंगणात येते. सारवलेल्या अंगणात पाट मांडायचा, ओटी भरायची, नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. बाकी काही करायचं नसतं. त्या दिवशी माणसाने फक्त घरी असायचं असतं. मुंबईहून गाड्या भरभरून माणसं येतात ती एवढ्याचसाठी, की देवी दारात येईल तेव्हा आपण दारात असावं. आणि एवढंच पोलिसाला जमत नाही, कारण लाख माणूस घरी येतं तेव्हा त्यांच्या गर्दीत उभं राहायला कोणीतरी लागतं.

मला एकदा, आबा असताना, पालखी येते त्या वेळी ह्या अंगणात उभं राहायचं होतं. खाकी अंगावर चढली त्या वर्षापासून एवढंच मागणं होतं. ते राहिलं. बाकीच्यांसाठी मात्र मी भांडून भांडून ते मिळवलं. सांगायला गेलं तर माझ्या नोकरीची गोष्ट एवढीच आहे.

आबा म्हणजे माझे वडील. मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, त्यामुळे आवाज असा की वाऱ्यावर टाकला तरी दुसऱ्या होडीवर पोचायचा. गावात गाऱ्हाणं गुरव घालतो, पण आमच्या अंगणापुरतं गुरवाने ते आबांवर सोडलेलं होतं. पालखी पाटावर टेकली की आबा तुळशीच्या डाव्या अंगाला उभे राहायचे, हात जोडून, डोळे मिटून. "आई म्हाराजा," अशी सुरुवात व्हायची. वाडीतलं कोण आजारी, कोणाची होडी दर्यावर, कोणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, सगळं त्यांच्या तोंडून देवीच्या कानावर जायचं, आणि दर वाक्यामागून अख्खं अंगण म्हणायचं, "व्हय म्हाराजा." लहानपणी मी त्यांच्या धोतराला धरून तिथेच उभी असायचे आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे. मला वाटायचं, माझंच ऐकून देवी हो म्हणते.

आई लवकर गेली. भाऊ बोटीवर, म्हणजे मोठ्या बोटीवर, परदेशी. मी पोलिसात. मग आबा एकटेच अंगण सारवायचे, एकटेच पाट मांडायचे. पालखी यायच्या आठवडाभर आधी फोन करायचे, तेव्हा शेजारच्या दुकानातून. "बाय, कधी येतंस?"

"आबा, रजा बंद आहेत."

"तुझ्या सायबाला सांग ना, दारात देवी येते म्हणून."

"सांगते," म्हणायचे मी. आणि फोन ठेवून बंदोबस्ताच्या गाडीत चढायचे, दुसऱ्याच कोणाच्या तरी गावाला.

दुसऱ्याच्या गावातला शिमगा मी इतका पाहिलाय की विचारू नका. दोन गावांच्या पालख्यांची भेट होते तिथे मध्ये उभं राहायचं. कोणाची पालखी आधी नाचवायची, कोणाचा मान पहिला, ह्यावरून शेरास सव्वाशेर भेटतात, आणि मग आम्ही. गुलालात रंगलेले मानकरी आम्हाला ढकलून पुढे जातात आणि उलटून आम्हालाच म्हणतात, "मॅडम, जरा बाजूला, देवीला पाठ लावू नका." कातळ तापलेला. डोक्यावर टोपी, टोपीखालून घामाची धार. घरातल्या बाया पन्हं घेऊन यायच्या, आम्ही बायका-पोलीस ते ओठांना लावून परत द्यायचो. प्यायलो तर जायचं कुठे, हा प्रश्न. पुरुषांना अख्खी बाग मोकळी. आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरड्या घशाने दुसऱ्याची देवी पाहायचो. तीसुद्धा माणसांच्या डोक्यांवरून, तुकड्यातुकड्याने.

आणि तरी, खरं सांगते, पालखी कुठल्यातरी म्हातारीच्या अंगणात टेकली आणि ती बाई ओटी भरताना रडायला लागली की मला तिकडे बघवायचं नाही. मी तोंड फिरवून उगीचच एखाद्या गाडीवाल्याला ओरडायचे.

आमचे हे पोफळीच्या वीजघरात होते. त्यांच्याकडे युनियन. फाटकाशी फलक, फलकावर मागण्या, दिवाळीआधी फाटकसभा. शनिवारी रत्नागिरीला यायचे ते घोषणा देऊन घसा बसवूनच. मला चिडवायचे, "अगं, तुमच्याकडे एवढ्या लाठ्या, आणि साधी घोषणा देता येत नाही?" मी म्हणायचे, "लाठ्या आहेत म्हणूनच देता येत नाही." आम्हाला संघटना बांधायला बंदी. युनियन हा शब्द पोलीस लाइनीत हळू आवाजातसुद्धा कोणी काढायचं नाही. चार जणांनी मिळून एक अर्ज केला तर तो अर्ज राहत नाही, बेशिस्त होते. ज्याची त्याने आपली स्वतःची अडचण सांगायची, आणि तीही दरबारात.

दरबार म्हणजे काय तर महिना-दोन महिन्यांतून जिल्ह्याचे मोठे साहेब हॉलमध्ये सगळ्यांना बसवून विचारतात, कोणाला काही अडचण आहे का. आदल्या दिवशी बराकीत सगळे वाघ. हे सांगणार, ते सांगणार, आता नाही तर कधीच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं की हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. शेदोनशे माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसलेली. माझ्या शेजारी नेहमी भुवड बसायचा. गुहागरकडचा, माझ्याच भरतीचा, ताडमाड, पण दरबारात त्याच्या तोंडातून शब्द फुटला तर शपथ. बुटांना इतकं चकचकीत पॉलिश का करतो हे मला तिथे कळलं. बघायला दुसरं काही नको म्हणून.

पहिल्यांदा मी का उठले ते आठवत नाही. बहुतेक राग आला असेल. मला राग पटकन येतो. बंदोबस्ताला बायकांसाठी आडोसा नाही, हे मी उभी राहून सांगितलं. साहेब म्हणाले, "ही तुमची वैयक्तिक अडचण आहे की तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलताय?" हॉल एकदम गार. सगळ्यांच्या वतीने म्हटलं असतं तर तिथेच कारभार आटोपला असता. मी म्हटलं, "सर, माझी अडचण आहे. एकटीची." पुढच्या बंदोबस्ताला एका शाळेची किल्ली आम्हाला मिळाली.

मग मला वाट सापडली. जे कोणाचं असेल ते माझं म्हणून सांगायचं. लाइनीतल्या खोल्या गळतात, तर सर, माझी खोली गळते. माझ्या खोलीवर नवे पत्रे होते. एका म्हाताऱ्या हवालदाराचे गुडघे गेलेले, त्याला चढाची गस्त नको होती. मी ऐन तिशीत उभी राहून म्हटलं, "सर, माझ्या गुडघ्यांना चढ सोसत नाही." साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या आठवड्यात सकाळच्या परेडला मी पळताना त्यांनी पाहिलं होतं, पण माणूस चांगला, काही बोलला नाही. म्हाताऱ्याची गस्त बदलली. कोणाच्या बायकोचं बाळंतपण असलं तर ते माझ्या भावजयीचं व्हायचं. एका वर्षात माझ्या भावजया इतक्या बाळंत झाल्या की साहेबांनी शेवटी विचारलंच, "बाई, तुम्हाला भाऊ किती?"

"सर, लाइनीत जेवढी दारं तेवढे."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसणंसुद्धा एकत्र झालं असतं. पण बाहेर आल्यावर भुवड माझ्या पुढ्यात चहाचा ग्लास ठेवून नुसताच उभा राहिला. त्याचं बोलणं असंच.

हे सगळं फुकट मिळत नव्हतं. एका साहेबांनी माझ्यावर शिक्का मारला, "पुढारी". माझी बदली झाली अशा चौकीवर, जिथे शेवटची एसटी दुपारीच निघून जायची आणि गुन्हा म्हणावा तर आंबे चोरणारी माकडं. आमचे हे पोफळीहून आले, चौकी पाहिली आणि म्हणाले, "आमच्या युनियनमध्ये असं झालं तर फाटक बंद होतं." मी म्हटलं, "आमच्यात फाटक उघडायचं कामही मलाच आहे." त्या रात्री मात्र मी रडले. माणसाला वाटतंच, आपण उठून उभे राहतो तेव्हा मागून एखादी तरी खुर्ची वाजावी. कधी वाजली नाही. त्यांचा दोष नाही, त्यांनाही पोरंबाळं होती. पण वाटतं ते वाटतं.

चौकीवरून परत हेडक्वार्टरला आले तो काळ शिमग्याचाच. बराकीत संध्याकाळी सगळे पाय पसरून बसलेले, आणि बोलणं निघालं ते घरच्या पालखीचं. कोणाची आई दारातल्या खुर्चीत बसून वाट बघते. कोणाला आपल्या पोराला पहिल्यांदा देवीच्या पायावर घालायचंय. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारी माणसं, पण आवाज उतरलेले. आणि भुवड, जो कधी बोलत नाही, तो एकदम म्हणाला, "मी भरती झाल्यापासून माझ्या घरची पालखी पाह्यली नाय. आईस म्हणते, देवी विचारते तुझा झील कुठे हाय म्हणून." मग एकेकाने माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. मला कळलं, आता माझ्या घरी बऱ्याच पालख्या यायच्या आहेत.

नवे साहेब विदर्भाकडचे होते. हुशार, कडक, आणि शिमगा म्हणजे एका रात्रीची होळी असं समजणारे. दरबारात मी उभी राहिले. "सर, माझी अडचण आहे. पालखी घरी येते त्या दिवशी मला घरी जायचंय."

"बंदोबस्ताच्या काळात रजा नाही. आणि दिली तरी कोणत्या तारखेची?"

"तारीख सांगता येत नाही, सर."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते त्यांना समजावणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यांत अवघड काम. पालखी घर घर घेत येते. एखाद्या अंगणात रमली की तास मोडतात. एखाद्या वाडीत मुक्कामच पडतो. आपलं दार कधी लागेल ते देवी आणि भोई जाणोत. साहेब ऐकत होते, मध्येच पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, रजेच्या अर्जात तारीख लागते. मी देवीकडून तारीख आणू का?"

"नको, सर. घरून सांगावा येतो. पालखी शेजारच्या वाडीत पोचली की घरचा माणूस फोन करतो. त्या फोनवर सोडा. रात्री परत हजर."

"आणि त्याच्या जागी कोण उभं राहणार?"

ह्याचं उत्तर मी बराकीतूनच घेऊन आले होते. आमच्याकडे सगळ्या गावांचा शिमगा एकदम नसतो. काही गावांची होळी तेरसेला, म्हणजे त्रयोदशीला, त्यांच्या पालख्या आधी घरी लागतात. काहींची पौर्णिमेला, म्हणजे भद्रेची होळी, त्यांच्या पालख्या नंतर. तेरसवाल्यांचं झालं की त्यांनी भद्रेवाल्यांच्या जागी उभं राहायचं, आणि भद्रेवाल्यांनी आधी तेरसवाल्यांच्या. इतकी वर्षं हे सगळ्यांना माहीत होतं. पण प्रत्येकाने आपली एकट्याची अडचण सांगायची म्हटल्यावर दोघांच्या अडचणी एकमेकींत बसतात हे बघणार कोण.

साहेबांनी पेन परत उचललं. मग म्हणाले, "कागदावर काही देणार नाही. एक वर्ष बघू. पण एकही पॉइंट रिकामा दिसला तर जबाबदार कोण?"

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फक्त टोप्या दिसल्या असत्या. म्हटलं, "मी, सर."

त्या वर्षीचा शिमगा मी कधी विसरणार नाही. हेडक्वार्टरच्या फोनवर मी बसलेली आणि एकेक सांगावा येतोय. "पालखी खालच्या वाडीत आली हो, आमच्या बाबूला सोडा." "मॅडम, दोन घरं उरली, लवकर." मी नाव पुकारलं की तो माणूस मोटारसायकलला किक मारून सुटायचा आणि त्याच्या जागी दुसरा जाऊन उभा राहायचा, न सांगता, न कुरकुरता. रात्री परत यायचे ते कपाळाला गुलाल, खिशात प्रसादाचं खोबरं. माझ्या टेबलावर खोबऱ्याचे तुकडे जमत गेले. माणसं वेगळीच दिसत होती. एकाने तर साहेबांना सॅल्यूट करताना तोंडातला पेढा गिळायचाही राहिला. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आबांना मी सांगून ठेवलं होतं. आता त्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल होता, भावाने दिलेला. "आबा, ह्या वर्षी फोन करा. फक्त फोन करा, मी निघालेच." ते हसले. अंगणात यंदा दोनदा सारवण काढतो म्हणाले.

आमची पालखी शेवटच्या दिवसांत लागायची. त्या संध्याकाळी शहराच्या नाक्यावर दोन पालख्या एकत्र येणार होत्या. हेडक्वार्टरचा फोन दुसऱ्याकडे सोपवून तिथे मी आणि भुवड उभे. बदलीला येणारा माणूस एकच उरला होता. भुवडच्या गावची पालखी मधेच एका वाडीत अडली होती, ती आज येणार हे कोणाच्या गावीही नव्हतं. पहिला फोन आबांचा. "बाय, पालखी खालच्या वाडीत आली गो. निघ." मी पट्ट्याला हात लावतेय तोच भुवडचा फोन वाजला. त्याने ऐकलं, बंद केला आणि खिशात ठेवला. बुटांकडे बघायला लागला.

त्या बुटांनी माझा घात केला. तोंडाने मागितलं असतं तर मी दोन शिव्या हासडून निघून गेले असते. मी म्हटलं, "कुठवर आलीय?"

"शेजारच्या वाडीत." मग म्हणाला, "तुमी जावा, ताई. तुमचे आबा एकटे हायत."

"तुझी आई काय मेळाव्यात बसलीय? तीही एकटीच ना. जा. नाहीतर मी रिपोर्ट करीन."

तो गेला. जाताना मागे वळून बघत होता म्हणून मी त्याच्यावर ओरडले. बदलीच्या माणसाला त्याच्या जागी उभं केलं, मी माझ्या जागी. मग बऱ्याच वेळाने, धीर करून, आबांना फोन लावला. म्हटलं, "आबा, नाही जमत." पलीकडे ढोल वाजत होता. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बरा. मग कानानं तरी ये." आणि त्यांनी फोन तसाच चालू ठेवला.

समोर गाड्यांचे हॉर्न, शिट्ट्या, माणसांचा लोट, आणि एका कानाला माझं अंगण. एका हाताने मी वाहनं थोपवत होते. पालखी टेकल्याचा आवाज आला. ढोल थांबला. आबांचा आवाज आला, थोडा थकलेला, पण तोच. "आई म्हाराजा, आज तू लेकराच्या दारात आलंस. पोरगा दर्यावर हाय, त्याला सुखरूप ठेव." व्हय म्हाराजा. "माझी लेक दुसऱ्यांच्या पालख्या राखते. चार माणसांसाठी झगडते, तिला बळ दे." व्हय म्हाराजा. "पुढल्या शिमग्याला तिला ह्या अंगणात उभी कर. उभी केलीस तर मी तुला..." इतक्यात नाक्यावरच्या पालख्या समोरासमोर आल्या, दोन्हीकडचे ढोल एकदम सुरू झाले आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. अंगणातल्या माणसांनी काय म्हटलं तेही नाही. मला तोंडाने व्हय म्हाराजा म्हणायचं होतं. अंगावर गणवेश होता, समोर साहेबांची गाडी उभी होती. मी शिटी वाजवली.

पुढला शिमगा यायच्या आत, श्रावणात, आबा गेले. रात्री जेवले, पानाचा डबा उशाशी ठेवला आणि सकाळी उठले नाहीत.

सांगाव्याची रजा मात्र टिकली. साहेब बदलले, दुसरे आले, तिसरे आले, पण कोणी मोडली नाही. कागदावर ती अजूनही नाही. आता भरती झालेल्या पोरींना वाटतं, ही पद्धत पहिल्यापासूनच आहे. एकीने मला माझ्या निरोपाच्या दिवशी विचारलं, "मॅडम, तुमची पालखी कधी लागायची हो?" मी म्हटलं, "शेवटच्या दिवसांत." ती म्हणाली, "मग बरं, निवांत मिळत असेल." मी हो म्हटलं. 

मला मिळत होती की रजा. पण जायचं कुठे. भाऊ बोटीवर, घराला कुलूप. बंद घराच्या अंगणात पालखी थांबत नाही, नुसती वळून पुढे जाते. सांगावा करायला घरात कोणी नव्हतं. मी दर वर्षी फोनवर बसून दुसऱ्यांची नावं पुकारत राहिले आणि आमच्या दारावरून देवी दर वर्षी वळून गेली. हे मला शेजाऱ्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. ज्या माणसाला मला तिथे उभी असलेली बघायचं होतं तोच नाही, मग मी उभी राहिले काय आणि न राहिले काय, असं वाटायचं. रागच होता तो. देवीवर, आबांवर, भुवडच्या बुटांवर.

यंदा निवृत्तीनंतर आमचे हे म्हणाले, "चल, कुलूप काढू." म्हणून आले. आठ दिवस घर झाडलं. अंगण मी सारवलं. हात विसरले होते, सारवण कुठे जाड कुठे पातळ झालं. हे ओट्यावर बसून कुठे राहिलं ते दाखवत होते. पोफळीच्या माणसाला देखरेखीची सवय.

आणि काल संध्याकाळी पालखी आली. भोयांनी अंगणाच्या तोंडाशी पाऊल टाकलं. कितीतरी गावांत हजारो माणसांच्या पुढ्यात उभी राहिलेली बाई मी, माझ्याच अंगणात मला कुठे उभं राहावं सुचेना. ओटी भरली. नारळ दिला. मागे सरले, तर म्हातारा गुरव म्हणाला, "थांब, बाय. तुझ्या आबांचा नवस रवलाय."

मी म्हटलं, "कसला नवस?"

"लेक अंगणात उभी रवली तर आईला साडी नेसवीन म्हणून बोलला होता. हितंच, ह्याच पाटासमोर. आमी सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं होतं. तुला ठावं नाय?"

नव्हतं ठावं. नाक्यावरच्या ढोलांत बुडालेलं वाक्य इतकी वर्षं ह्या वाडीने जपून ठेवलं होतं, आणि माझ्यापाशीच ते नव्हतं. मी घरात गेले. नवी साडी म्हणून एकच होती, निरोपाला हेडक्वार्टरच्या पोरींनी मिळून दिलेली, हिरवी, घडी न मोडलेली. ती आणून गुरवाच्या हातात दिली. 

"आता गाऱ्हाणं तूच घाल," गुरव म्हणाला. "ह्या अंगणात मी घालीत नाय."

बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं आमच्याकडे मी पाहिलेलं नाही. कोणी काही म्हणेल म्हणून पाहिलं, तर सगळे वाट बघत होते. हात जोडले आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते सवयीचं. "आई, माझी अडचण आहे." दोघंतिघं हसले. आमचे हे खाली बघायला लागले. मला आबांसारखं बोलता येत नाही. मी म्हटलं, "आई म्हाराजा, माझ्या बापाने मागितलं ते तू दिलंस, पण उशिरा दिलंस. मला राग आहे. तो मी ठेवणार आहे." "साडी घे. आणि आज जे कोण दुसऱ्याच्या दारात उभे आहेत, त्यांना त्यांच्या दारात पोचव. त्यांची माणसं जिवंत असताना पोचव."

दरबारातला पंख्याचा आवाज तेवढा इथे नव्हता. तीच ती शांतता, मी हाडांपर्यंत ओळखते ती. उभं राहून बोलल्यानंतरची, मागून काही न येणारी. मी डोळे मिटून घेतले.

आणि अंगणाच्या तोंडाकडून, बंदोबस्ताच्या माणसांतून, एक घोगरा आवाज फुटला. "व्हय म्हाराजा." वळून पाहिलं. भुवड होता. निवृत्तीला टेकलेला, केस पिकलेले, इथल्याच ठाण्यावर बदलून आलाय हे मला माहीतही नव्हतं. अंगावर पूर्ण गणवेश, डोक्यावर टोपी, आणि बुटांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागून त्याच्याबरोबरच्या दोन पोलीस पोरी म्हणाल्या, आणि मग अख्खं अंगण म्हणालं.

तुळशीच्या डाव्या अंगाची जागा रिकामी होती. मी तिथे जाऊन उभी राहिले.